कानाच्या परीक्षेची तयारी

अण्णाजींनी मिशी उतरवली त्या दिवशी हिंगणीतली चार माणसं गंभीर चेहऱ्यानं त्यांच्या दारात आली. जाणत्या माणसानं मिशी काढली म्हणजे घरात कोणी तरी गेलं असणार. अण्णाजींनी सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "कोणी गेलं नाई जी. माह्या सुरभीले माहे ओठ दिसत नव्हते."

सुरभी ही त्यांची नात; ती त्यांना आबाजी म्हणे. दोन वर्षांची असताना तापानं फणफणली, आणि बरी झाल्यावर मागून मारलेली हाक तिला कळेनाशी झाली. समोर उभं राहून बोललं की मात्र ती ओठ बघून सारं समजून घ्यायची. मुलगा धनंजय नोकरीपायी पिपरी मेघेत खोली करून राहतो, सून मोहिनी शेत पाहते, आणि नातीचा अभ्यास अण्णाजींनी स्वतःच्या अंगावर घेतलेला.

सुरभी चौथीत असताना शाळेतून निरोप आला : सेलूला शिबिर आहे, मुलीचे कान तपासायचे आहेत. दोष निघाला तर प्रमाणपत्र मिळेल, प्रमाणपत्रावर श्रवणयंत्र मिळेल, आणि पुढच्या मोठ्या शाळेत सवलतीही मिळतील. अण्णाजींनी या सगळ्यातला 'तपासणी' तेवढा शब्द धरला. तपासणी म्हणजे परीक्षा, आणि परीक्षा म्हणजे पास होणं. त्यांच्या घराण्यात आजवर कोणी नापास झालेलं नव्हतं.

मग काय विचारता! रोज संध्याकाळी अंगणात तालीम सुरू झाली. अण्णाजी ताटावर चमचा वाजवत आणि ओरडत, "वाजलं की हात!" सुरभी चमच्यावर डोळे रोखून बसे. एकदाही चुकली नाही. मोहिनी चुलीपाशी सासऱ्यांना हसायची, "मामाजी, पोरीले फौजेत धाडता काय?"

शिबिराच्या दिवशी सेलूच्या शाळेच्या वऱ्हांड्यात ही गर्दी! कडेवरची लेकरं, रडारड, मधेच कोणाच्या तरी नावाचा पुकारा. एका बाकावर यंत्र ठेवलेलं. सुरभीच्या कानांवर हेडफोन चढवले आणि तपासणाऱ्या बाई समोरच बसल्या. बटण दाबलं की सुरभीचा हात वर. पुन्हा बटण, पुन्हा हात. अण्णाजींची छाती फुगत चालली. कागदावर शेरा पडला : ऐकू येते, प्रमाणपत्राची आवश्यकता नाही.

अण्णाजींनी सेलूतूनच पेढे घेतले आणि गावात वाटले.

दोन दिवसांनी रूपालीताई आल्या. या फिरत्या विशेष शिक्षिका. गावोगावच्या शाळांत जाऊन अपंग मुलांना शिकवायचं त्यांचं काम. त्यांनी पेढा हातात धरला, पण तोंडात घातला नाही.

"अण्णाजी, हे पेढे कायचे?"

"पोट्टी पास झाली, बाई!"

"तिला मागून हाक मारा बरं."

अण्णाजींनी मारली. चांगली खणखणीत मारली. भिंतीवरचा बोका दचकून पळाला. सुरभी आपली चित्र रंगवत बसलेली.

रूपालीताईंनी तिला समोर घेऊन विचारलं, तेव्हा ती खुलून सांगू लागली. त्या बाई बटण दाबायच्या आधी ओठ घट्ट मिटत होत्या. "अशा!" म्हणून तिनं करूनही दाखवलं. मग हात वर करणं काय अवघड!

"आता सांगा!" अण्णाजींनी मांडीवर थाप मारली. "तपासणाऱ्या बाईलेच वाचून काढलं पोरीनं!"

रूपालीताईंनाही हसू आवरेना. पण हसता हसताच त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मोठ्या शाळेत सर फळ्याकडे तोंड करून शिकवतील. तेव्हा ही कोणाचे ओठ वाचणार? यंत्र हवं तर कागद हवा. आणि कागदावर तुम्ही लिहून आणलं की हिला ऐकू येतं."

मोहिनीनं पदराला हात पुसले. "मग आता काईच होत नाई का, ताई?"

"होते ना! निकाल पटला नाही तर पुन्हा तपासणी मागायचा पालकांना हक्क आहे. कोणी उपकार करून नाही राह्यलं. अर्ज लिहा, कारण लिहा, आईची सही करा."

कारण! घराण्यात कोणी नापास झालं नव्हतं, तसं कोणी कॉपी करूनही पास झालं नव्हतं. अण्णाजींनी दोनदा पेन उचललं आणि दोनदा खाली ठेवलं. मोहिनी म्हणाली, "लिहा ना, शिबिरात गर्दी होती म्हणून."

"गर्दी होती हे खरंच हाय. पण तेवढंच नाई ना." आणि आपल्या वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं : मुलीस पास होण्याची तयारी आजोबांनी करून घेतली होती, सबब फेरतपासणी व्हावी. वाचून मोहिनी पोट धरून हसली आणि तिनं सही ठोकली.

वर्ध्याच्या तपासणी केंद्रात बोलावणं आलं. इथे काचेची बंद खोली होती. तपासणाऱ्या मॅडमनी अर्ज वाचला, अण्णाजींकडे एकदा नीट पाहिलं आणि सुरभीची खुर्ची यंत्राकडे पाठ करून ठेवली. आता तिला मॅडम दिसत नव्हत्या. दिसत होते काचेबाहेर बाकावर बसलेले आई आणि आबाजी.

मॅडमनी बटण दाबलं. अण्णाजींच्या भिवया आपोआप वर गेल्या. सुरभीचा हात वर!

"मामाजी!" मोहिनीनं त्यांचं कोपर ओढलं. "तुमच्या भिवया!"

"मी काई केलं नाई!"

पुन्हा बटण, पुन्हा भिवया, पुन्हा हात. मॅडमनी काचेतून बाहेर पाहिलं. अण्णाजी ताडकन उठले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि हात धुण्याच्या सहा पायऱ्या दाखवणाऱ्या तिथल्या चित्रात त्यांनी नाक खुपसलं.

"वर केला काय?" त्यांनी भिंतीलाच विचारलं.

"नाई."

"आता?"

"नाई, मामाजी. ती तुमच्या पाठीकडेच पाहून राह्यली."

पाठ ताठ करून ते उभे राहिले. जन्मात कधी इतकं न हलता उभं राहावं लागलं नव्हतं, ते आज. वळून एकदा, फक्त एकदा पाहावं, असं किती वाटलं! "आता?"

"नाई... नाई... थांबा. डोये मिटले तिनं." मोहिनी बाकावरून उठलीच. "केला! मामाजी, केला वर! स्वतःहून!"

मॅडम दार उघडून बाहेर आल्या. "आता वळा, अण्णाजी. ऐकू बरंच कमी येतं, दोन्ही कानांना. प्रमाणपत्राला अडचण नाही. पण मोठे आवाज तिनं बरोबर पकडले. यंत्राचा तिला चांगला उपयोग होईल."

मोहिनीचे डोळे भरले आणि ती हसतही होती. सुरभी मात्र गाल फुगवून आली. "आबाजी, तुम्ही तोंड काऊन फिरवलं? मले काईच समजे ना!"

अण्णाजी तिच्यासमोर उकिडवे बसले आणि एक एक शब्द सुटा करून बोलले, "तुह्यं तुले ऐकू द्याचं होतं, माय."

तिनं त्यावर विचार केला. तेवढ्यात मॅडमनी तिला आजोबांसह आत बोलावलं. यंत्राच्या कानातल्या भागासाठी साचा घ्यायचा होता. त्यांनी गुलाबी लगदा मळून तिच्या कानात भरला. सुरभी डोकं कलतं धरून बसली, गुदगुल्यांनी तिचे खांदे हलू लागले, आणि काळजीनं पुढे वाकलेल्या आजोबांना तिनं बोट दाखवून दटावलं, "हलू नका, आबाजी! साचा बिघडंन!"