काळ्या चौकोनातला आवाज

मी डॉक्टर. माझी मुलगी शिकागोत वकिली करते, राहते माझ्याजवळ, उपनगरात. त्या जानेवारीत बर्फामुळे ट्रेन्स बंद पडल्या, म्हणून एका सुनावणीसाठी तिनं आपल्या अशिलांना नेपरव्हिलला आमच्याच घरी बोलावलं. ते जवळच, स्वतःच्या मुलाकडे राहत. सत्तरीचे, एकेकाळचे शाळामास्तर. दक्षिण अमेरिकेतल्या त्यांच्या देशात लष्करानं त्यांना पकडलं होतं.

"आई, ते सिव्हिलियन, पण ट्रायल केली आर्मीनं," मुलगी मला म्हणाली. "जजेस एका बाजूनंच दिसणाऱ्या आरशामागे बसलेले. आवाजही मशीनमधून बदललेला. अर्ध्या तासात शिक्षा. चौदा वर्षं आत होते."

आता त्या भागातल्या देशांचं मिळून असलेलं मानवी हक्क न्यायालय त्यांची तक्रार व्हिडिओवर ऐकणार होतं. मी डायनिंग टेबल आवरलं, चहा दिला आणि ओट्यापाशी उभी राहिले. मला स्पॅनिश येत नाही. अधूनमधून मुलगी हळूच सांगत होती.

न्यायाधीशांचे चेहरे स्पष्ट दिसत होते. त्यांच्या देशाच्या सरकारी वकिलाच्या जागी मात्र नुसता काळा चौकोन होता. त्यातून आवाज आला. लाइन खराब असावी, कारण तो घोगरा, ओढल्यासारखा येत होता, बाईचा की पुरुषाचा तेही कळेना. मास्तर एकदम ताठ झाले. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून त्यांनी मान खाली घातली. कोणी सांगितल्याशिवाय ते हलणार नाहीत, असं मला वाटलं. हे माझ्या स्वयंपाकघरात, भर दुपारी.

मुलीनं ताबडतोब कॅमेरा सुरू करायला लावला. चौकोनात एक तरुण वकील उमटली, गळ्यात मफलर, सर्दी झालेली. तिनं माफी मागितली. मास्तरांनी मान वर केली, पण हात तसेच राहिले.

तिचं म्हणणं साधं होतं. खटला झाला तेव्हा आमच्या देशानं या न्यायालयाचा अधिकार मान्यच केलेला नव्हता, त्यामुळे त्या खटल्याकडे तुम्हाला बघता येणार नाही.

निकाल पुढच्या वर्षी आला. तो सांगायला मुलीनं त्यांना पुन्हा आमच्याकडे बोलावलं. खटला न्यायालयाच्या कक्षेबाहेर राहिला. पण देशानं अधिकार मान्य केल्यानंतरही त्यांना त्याच शिक्षेखाली डांबून ठेवलं, फेरतपासणी नाकारली, तेवढं कक्षेत आलं आणि तेवढ्यापुरते ते जिंकले. लष्करी फाइल त्यांच्या हवाली करण्याचा आदेशही निघाला.

"म्हणजे ती आरशाची खोली बाहेरच राहिली?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"हो," मुलगी म्हणाली.

ते मला म्हणाले, "डॉक्टर, मी अजून गावी गेलो की न्हाव्याकडे, बसमध्ये, माझ्या वयाचा कोणीही दिसला तरी वाटतं, हा त्यांतलाच एक असेल. त्यांनी मला पाहिलंय. मी त्यांना नाही."

फाइल आली ती वसंतात. न्यायाधीशांच्या नावांच्या जागी तीन आकडे होते. मास्तरांनी ते मोठ्यानं वाचले, एकदा, मग पुन्हा, हजेरी घेतल्यासारखे, प्रत्येक आकड्यानंतर थांबून.