काळा कोट, तपकिरी बूट

विभाताईंबद्दल गुणवंतरावांना खरं तर काहीच माहीत नव्हतं. आडनाव विचारायचंही राहून गेलं. त्या मूळच्या मिरजेच्या, शिकलेल्या फार्मसी, आठ वर्षांपूर्वी नवऱ्यामागोमाग टोकियोतल्या निशी-कसाईला आलेल्या, एवढंच. नवऱ्याच्या व्हिसावर राहणाऱ्या बायकोला तिथे आठवड्याला अठ्ठावीस तासच काम करता येतं. ते तास विभाताई भारतातून मुलांकडे आलेल्या आईवडिलांना टोकियो दाखवण्यात घालवत.

गुणवंतरावही मुलाकडे तीन महिन्यांसाठी आले होते. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, मुलगा-सून ऑफिसला गेल्यावर, ते विभाताईंच्या सहलीच्या बसमध्ये जाऊन बसले.

"काळा कोट, काळी पँट! कुणाचं काही झालं का गं?" पुढच्या सीटवरून प्रभावतीबाई नावाच्या आजींनी विभाताईंना विचारलं.

विभाताई हसल्या. "इथे मुलाखतीला असंच जातात, आजी. चार वाजता निहोम्बाशीला आहे. तीनला तुम्हाला बसमध्ये बसवते आणि पळते."

"आणि लागली नोकरी की?"

"मग माझा स्वतःचा व्हिसा. ह्यांचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय, ते परत जायचं म्हणतायत. ते निघाले की मलाही निघावं लागतं. आमच्या ओवीला मराठी वाचता येत नाही हो. तिथे कुठल्या शाळेत घालू तिला?"

सम्राटांच्या राजवाड्याच्या खंदकाशी सगळ्यांनी फोटो काढले. "आत सोडत नाहीत?" कुणीतरी विचारलं.

"नाही. मीसुद्धा आठ वर्षं बाहेरूनच दाखवतेय."

दुपारी असाकुसाच्या मोठ्या देवळात गेले. पायऱ्यांशी आल्यावर गुणवंतरावांनी बूट काढले आणि कडेला नीट जोडीने ठेवले. साठ-पासष्ट वर्षांची सवय, त्यात विचार कसला? आजूबाजूची माणसं बूट घालूनच वर चढत होती, हे त्यांना गाभाऱ्यासमोर हात जोडल्यावर दिसलं. खाली आले तर बूट नाहीत.

"देवळाबाहेर बूट चोरीला जायला जपानपर्यंत आलात होय?" प्रभावतीबाई म्हणाल्या. सगळे हसले.

विभाताई हसल्या नाहीत. "इथे चोरत नाहीत. कुणाचं तरी राहिलं म्हणून पोलीस चौकीत नेऊन देतात. काका, तुम्हाला शुगर आहे ना?"

"आहे. ते बूट डॉक्टरांनीच घ्यायला लावलेत."

बस बाकीच्यांना घेऊन तीनला म्हणजे तीनलाच सुटली. विभाताईंनी दुकानातून कागदी सपाता आणून त्यांच्या पायात घातल्या आणि त्यांना चौकीत नेलं. तपकिरी बूट टेबलावरच होते. पण पोलिसाने फॉर्म काढला. नाव काय, पत्ता काय, बूट किती वाजता काढले, का काढले? गुणवंतरावांना मुलाच्या घराचा पत्ता येत नव्हता. मुलाचा फोन लागत नव्हता. पोलीस अतिशय नम्रपणे, एकेक अक्षर लिहीत होता.

'तुम्ही जा, मी बसतो इथे,' हे वाक्य त्यांच्या जिभेवर होतं. पण त्या गेल्या तर आपण या माणसाशी बोलणार काय, या भीतीने ते तिथेच राहिलं.

पावणेचारला विभाताईंनी बाहेर जाऊन फोन केला. काचेतून दिसत होतं. समोर कुणी नसताना त्या दोनदा कमरेत वाकल्या. मग फोन पर्समध्ये ठेवला.

"दुसरी वेळ देतील ना?" गुणवंतरावांनी विचारलं.

"बघू, काका. सही करा इथे."

परतताना गाडी निहोम्बाशीलाच बदलायची होती. स्टेशनवरच्या घड्याळात चार वीस झाले होते. वर रस्त्याकडे जाणाऱ्या जिन्याकडे विभाताईंनी एकदा पाहिलं आणि गुणवंतरावांचा हात धरून खालच्या फलाटाकडे वळल्या.

मार्चच्या अखेरीस सुनेने सहज सांगितलं, विभाताईंचं कुटुंब परत गेलं म्हणून. मिरजेला की पुण्याला, तिला माहीत नव्हतं.

बूट परत मिळाले त्या संध्याकाळी निशी-कसाईच्या स्टेशनबाहेर गुणवंतराव विभाताईंची माफी मागायला थांबले होते. शब्द जुळवत होते.

"आता घरी पोचेपर्यंत बूट काढायचे नाहीत हं, काका."

"नाही काढत," ते म्हणाले.