हंगाम संपल्यानंतरची अक्का

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावात, मेहरूणमधल्या घरी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. अक्काच्या शेजारच्या सुमनबाई बोलत होत्या. "दिरना आंगणमा मशीनले टेकीसन बठेल व्हती… बठ्ठास्ले वाटनं, थकी गयी व्हई." घरात माणसं होती, पण दमून बसली असेल असंच सगळ्यांना वाटलं. पाणी विचारायलाही कुणी उठलं नाही.

अक्का माझी मोठी बहीण, धरणगावजवळच्या खेड्यात दिलेली. भाऊजी मळणीयंत्र घेऊन आसपासच्या गावांत फिरायचे. ते अचानक गेले, तेव्हा सगळे धरून चालले की आता यंत्र विकलं जाणार. अक्कानं ट्रॅक्टरवर ड्रायव्हर ठेवला आणि डोक्याला फडकं बांधून स्वतः यंत्राच्या तोंडाशी गव्हाच्या पेंढ्या द्यायला उभी राहिली. पुढं वाटण्या झाल्या. भाऊजींनी कष्टानं घेतलेलं यंत्र 'घरचं' ठरलं आणि दिराच्या वाट्याला गेलं. "बाईमाणूस कितला दिन हाई करी?" असं तो चारचौघांत म्हणाला आणि जमलेल्यांनी माना डोलावल्या. अक्का दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागली.

पहिल्याच पावसाळ्यात दिरानं यंत्र उघड्यावर सोडून दिलं. चाळणीत अडकलेल्या दाण्यांना मोड आले, उंदरांनी घरं केली, बेअरिंगं गंजून बसली. मग तो अक्काकडे आला, आणि अक्का यंत्र साफ करायला गेली. तेव्हापासून दरवर्षी मळणी आटोपली की तीच जायची. झाकणं उघडून कानाकोपऱ्यातला भुसा ओढून काढायची, गंज खरवडून जळकं ऑइल फासायची, ग्रीस भरायची, यंत्र ठोकळ्यांवर चढवून घ्यायची आणि वरून ताडपत्री आवळून बांधायची. चहा मिळायचा, तोही बाहेर पायरीवर.

मी एकदा चिडून विचारलं, "कशाला जातेस तिथं?"

"मशीनना काय गुन्हा शे?" ती म्हणाली… आणि विषय संपवला.

यंदाही ती मे महिन्याच्या उन्हात तेच करत होती.

गंधमुक्तीच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या दिवशी दीर सगळ्यांसमोर रडला. वहिनी आईसारखी होती म्हणाला. पंगत उठल्यावर मला बाजूला घेऊन त्यानं हळूच विचारलं, "ताई, मशीनना पट्टा कोठे ठेयेल शेतस?"

मला काही उमगेना. सुमनबाईंनी मग सांगितलं. यंत्राचे रबरी पट्टे उतरवून अक्का दरवर्षी स्वतःच्या घरी आणायची. नवा हंगाम लागला की ते मागायला दिराला तिच्या दारात यावं लागायचं. ती त्याला उभं ठेवायची, मग द्यायची. सगळं गेल्यावर तिनं स्वतःसाठी एवढंच राखलं होतं.

मी दिराला म्हणाले, "मला नाही माहीत."

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, "बजारमाईन नवा लई येसू." आणि पान खायला निघून गेला.

पट्टे अजून अक्काच्या खोलीत आहेत. जाण्याच्या आदल्या दिवशीच तिनं ते आणून ठेवले होते… पुसून, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून तिची अंगाची पावडर लावून, प्रत्येकाला वेगळी खुंटी देऊन. दार उघडलं की त्या पावडरीचा वास येतो.