मकबूल ऑफसाइडला नव्हता

फायनलच्या दिवशी दुपारी दीड वाजता पंडित जांभळे कॉटवर आडवा होतो. आज झोप येणार नाही, असं बायकोला दोनदा सांगून झालंय. तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडतो आणि तेवढ्यात त्याचा डोळा लागतो.

हा रणझुंजार तालमीच्या फुटबॉल संघाचा कोच. त्याआधी चौदा वर्षं तिथलाच मिडफिल्डर. कोल्हापुरात त्याला भरवशाचा म्हणत. भरवशाचा म्हणजे काय, तर चेंडू पायाशी आला की हा तो आडवा नाहीतर मागं ढकलून मोकळा. पुढं द्यायचा तर चुकायची भीती, आणि चूक अंगावर घेणं या गड्याच्या रक्तातच नाही. आजही त्यानं तेच केलंय. संघात पुढं पास टाकणारा एकटा ओंकार मगदूम, तर त्यालाच अकरांतून वगळलंय. ओंकारचे चार पास वाया जातात आणि पाचव्यावर गोल होतो, पण पंडितला दिसतात ते चार. यादी सकाळीच तालमीतल्या मारुतीच्या पायाशी ठेवून आलाय. एकदा तिथं ठेवलेल्या यादीला कोच सोडून कुणी हात लावत नाही, अशी तिथली रीत आहे.

वर पंखा फिरतोय आणि पंख्याखाली मैदान आहे. फक्कीची पांढरी रेघ कॉटच्या पायापर्यंत आलीय. रेघेवर मकबूल बागवान उभा आहे. मकबूल जाऊन दोन वर्षं झाली. पंडित मातीला गेला होता, सगळ्यांच्या मागं उभा राहिला आणि लवकर सटकला.

"उठू नगंस," मकबूल म्हणतो. "तुझ्यानं कवा उठणं झालंय."

"मक्या, बरा हाईस न्हवं?"

"मेलोय. बाकी बरा हाय."

मैदान होतं तिथं मंडई आहे. मकबूल केळ्यांच्या गाड्यामागं बसलाय आणि अंगात डाव्या विंगची अकरा नंबरची जर्सी आहे. एक गिऱ्हाईक जाता जाता विचारतं, "काय ऑफसाइड, कशी डझन?"

हे नाव त्याला तीस वर्षं चिकटलं होतं. नाव पडलं त्या साली फायनलच्या शेवटच्या मिनिटाला चेंडू पंडितकडं होता आणि डावीकडं मकबूल मोकळा होता. पंडितनं पास मागं दिला, तो समोरच्यांनी हिसकावला आणि गोल मारला. कपडे बदलायच्या खोलीत पंडित म्हणाला, "मकबूल ऑफसाइडला उभा होता, देऊ कुणाला?" सगळ्या पेठेनं ते खरं मानलं. मकबूलला पुन्हा कधी संघात घेतलं नाही.

"मी ऑफसाइडला हुतो का रं?"

पंडित केळ्यांकडं बघत बसतो. "लई दिस झालं त्याला."

"हुतो का न्हाई, एवढंच सांग."

"नव्हतास."

"हे तवा सांगायचं हुतंस. मेल्या माणसाला सांगून काय उपेग? आता एक कर, ओंकारला खेळीव."

"यादी मारुतीपुढं ठेवलीया. आता कशी बदलू?"

केळी नाहीत, गाडा नाही. दोघं तालमीत मारुतीसमोर उभे आहेत आणि पायांखाली फरशी गार आहे. मकबूल हसतो. त्या हसण्यात राग नाही, नुसती किळस आहे.

"यादी मारुतीनं लिवली व्हय? देवाला बी मागंच पास दिलास की लेका."

पंडितला लाज वाटते. खरी वाटते. पण लाजेची त्याला सवय आहे, ती ओसरेपर्यंत गप्प राहायचं एवढं त्याला चांगलं जमतं.

"पाय दाव," मकबूल म्हणतो.

पंडित विजार वर करतो. चौदा वर्षं मैदानाच्या मधोमध खेळलेल्या माणसाची नडगी, आणि तिच्यावर एक वण नाही. मकबूल बराच वेळ बघत राहतो. मग दोन पावलं मागं सरतो, अंदाज घेतो आणि बुटाच्या टोकानं सणसणीत लाथ हाणतो.

अडीच वाजलेत. पंडित कॉटवर उठून बसलाय. डाव्या नडगीवर लिंबाएवढं टेंगूळ आलंय, काळंनिळं. बोट लावलं की कळ मस्तकात जाते. मॅच चारला आहे आणि तालीम पाच मिनिटांवर. पंडित चपलेत पाय घालतो, उभा राहतो. आता जावं, यादी उचलावी, असं त्याच्या मनात खरोखर येतं.

बायको शोभा चहा घेऊन येते आणि तिची नजर पायावर जाते.

"आगं बाई. हे कशानं वो?"

पंडित टेंगळाकडं बघतो, मग दाराकडं. मग परत कॉटवर बसतो.

"सकाळी प्रॅक्टिसला," तो म्हणतो. "ओंकारनं लाथ मारली."

"मग काढलासा त्याला, ते बरं केलासा," शोभा म्हणते आणि हळद आणायला आत जाते.

"तर काय," पंडित म्हणतो आणि विजार खाली ओढून घेतो.