आक्कांनी न तोडलेली फुलं

आक्का गेल्याचा निरोप सकाळी शेजारच्यांच्या फोनवर आला आणि आम्ही दोघं सांगलीहून निघून दुपारपर्यंत पलूसजवळच्या घरी पोचलो. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, नाव सुमन. त्यांना अंगणात ठेवलं होतं आणि अंगावर झिनिया, तेरडा, सदाफुली... नुसता रंगांचा ढीग. ही फुलं कुठली, ते क्षणभर मला कळेना. मग मान वर करून गच्चीकडे पाहिलं. कठड्यावरच्या डब्यांत झाडं होती, पण फूल एकाही झाडावर नव्हतं. "वर हायत की घरची, इकत कशाला आणायची?" असं म्हणून थोरल्या भाऊजींनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, सगळी खुडून आणली होती. बायका डोळ्यांना पदर लावून म्हणत होत्या, किती शोभून दिसतंय! मला रडू यायच्या आधी किळस आली. ज्या बाईने उभ्या जन्मात त्या डब्यांतलं एक फूल कुणाला तोडू दिलं नाही, तिच्याच अंगावर ती रचून हा माणूस हात जोडून उभा होता, आणि आपण काहीतरी मोठं केलं असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आक्कांचं माहेर साताऱ्याचं. दोन खोल्या, अंगण नाही. गॅलरीत डालड्याचे डबे मांडून त्यांची आई त्यात फुलझाडं लावायची. तिथून आक्का आमच्या सासरी आल्या. इथे जमीन डोळ्यांत मावत नव्हती, पण पुढचं अंगण सोडलं तर ऊस थेट घराच्या भिंतीला येऊन टेकलेला. न्हाणीच्या सांडपाण्यावरसुद्धा ऊस. दारात दोन वाफे करू का, असं त्यांनी विचारलं, तर सासरे म्हणाले, "कारखाना फुलं वजनावर घेतोय व्हय?" हा विनोद घरात पुढे वर्षानुवर्षं सांगितला गेला. सांगणारा दर वेळी नव्याने हसायचा. यांची अक्कल उसाच्या पेऱ्याएवढी, एकापुढे एक सगळी सारखीच! आक्का भांडल्या नाहीत. त्या गच्चीवर गेल्या. माझे यजमान कुपवाडला कामाला, ते तिथल्या कारखान्यातून रंगाचे रिकामे डबे स्कूटरवर बांधून न्यायचे. आक्का खिळ्याने डब्यांच्या बुडाला भोकं पाडायच्या. शेतातली काळी माती नुसतीच भरली तर वाळून दगड होते, म्हणून तिच्यात नदीची वाळू आणि उसाचं कुजलेलं पाचट कालवायच्या. पाऊस सरताना त्या कठड्यावर जे रंग उसळायचे, ते पाहायला एसटीतली माणसं खिडकीतून माना बाहेर काढायची. घरातली माणसं मात्र गच्चीवर जायची ती शेंगा वाळत घालायला.

खरा तंटा झाला तो देवावरून. घरात एवढी फुलं असताना देव्हाऱ्यात फूल नाही, म्हणजे काय? आमच्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या चवताळल्या. "देवाला चार फुलं द्याया हात आखडतोय तुजा?"

"आवं आत्याबाई, त्यानंच फुलीवलीत. त्याचं त्यालाच काय परत द्यायचं?" आक्का शांतपणे म्हणाल्या. आणि पुढच्या बाजाराला जाऊन देवासाठी फुलांचा पुडा विकत घेऊन आल्या. मग दर बाजाराला तेच. गाव हसलं. सुमनला खूळ लागलंय, म्हणालं. ज्या गावात बांधाच्या वितीसाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात, त्या गावाने शहाणं कुणाला म्हणायचं ते ठरवायचं!

मी एकदा विचारलं होतं. गणपतीला गेले होते, गच्चीवर दोघीच होतो. मी एका झिनियाला हात लावला, तशी त्यांनी माझं मनगट धरलं. हळूच, पण धरलं. म्हटलं, आक्का, सुकून गळूनच जायचं ना ते? त्या खालच्या उसाकडे बघत राहिल्या. त्यांच्या लेकीचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं. तिला अजून शिकायचं होतं, पण विचारतो कोण... "शैला, ह्या घरात जे लावत्यात ते तोडायलाच बग," त्या म्हणाल्या. "येवढं तरी जितल्या तितं ऱ्हाऊ दे गं." पुढे मी कधी विचारलं नाही. त्यांना छंद होता असं आता जो तो म्हणतो, भेटायला आलेले एक पुढारीही म्हणाले. छंद म्हटलं की मोकळं होता येतं.

महिन्याभराने मी पुन्हा गेले, आक्कांच्या साड्या लेकीला द्यायच्या होत्या म्हणून. गच्चीवर गेले आणि थांबले. महिनाभर पावसानेच झाडं जगवली होती. खुडलेल्या प्रत्येक शेंड्याखाली नवे फुटवे आले होते, आणि झिनिया पूर्वी कधी फुलली नव्हती एवढी फुलली होती. मागून भाऊजी परडी घेऊन जिना चढून आले, फोटोला फुलं हवी म्हणून. "बगा," ते म्हणाले, "तोडल्यावर कशी लय आलीत! मी तिला सांगतच हुतो." इतका आनंद त्यांना बायको असताना तिच्या कुठल्या गोष्टीचा झालेला मी पाहिला नव्हता. मी त्यांच्या आणि डब्यांच्या मधे उभी राहिले.

"फोटोला बाजारातनं आणा, भाऊजी."

"घरात येवढी असताना?"

"आक्का आणत होत्या की. तशीच आणा."

त्यांनी परडी कठड्यावर ठेवली. एका डब्यातल्या मातीला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, "पाणी... पाणी कवा घालायचं असतंय यास्नी?"

इतकी वर्षं ही बाई रोज संध्याकाळी कळशी घेऊन त्यांच्या डोळ्यांसमोरून तो जिना चढत होती. मी कळशीकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, आत्ता. पहिल्या कळशीतलं निम्मं पाणी डब्याबाहेरच सांडलं. दुसरी आणायला ते खाली गेले, तेव्हा मी परडी उचलून माझ्या पिशवीत घातली.