कामूनचा रकाना

बाई गेल्याची बातमी मी उदगीरच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात सांगितली, तेव्हा एकानंही चहाचा कप खाली ठेवला नाही. ‘गुरुजी, मागच्या महिन्यात तर तुम्ही त्यांना कंधारच्या किल्ल्यात बिबट्यासमोर उभं केलं होतं. अन् बिबट्यानं त्यांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली होती!’ असं म्हणून सगळे हसत राहिले. चूक त्यांची नव्हती. नोकरीची सगळी वर्षं आणि निवृत्तीनंतरचीही सगळी वर्षं मी त्याच बाकड्यावर बसून थापा मारत आलो. खरं बोलायची पाळी आली, तेव्हा माझ्या शब्दाला वजनच उरलं नव्हतं. शेवटी बाईंच्या भाचीला नांदेडला पुन्हा फोन लावला आणि तिचा आवाज त्यांना ऐकवला, तेव्हा कुठं कप खाली आले.

त्याला आज पाच आठवडे झाले. सोनकांबळे बाई नांदेडच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या, मूल कसं वाढतं हा त्यांचा विषय. मी उदगीरजवळच्या एका खेड्यातला प्राथमिक शिक्षक आणि त्यांच्या संशोधनाचा बिनपगारी हमाल. आयुष्यभर त्यांनी माझ्याकडं एकच गोष्ट मागितली... ‘गुरुजी, वाढवू नका.’ आज प्रयत्न करतो. तरी कुठं वाढलंच, तर वाचकांनी आपल्या अंदाजानं छाटून घ्यावं.

सुरुवात बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात झाली. आमच्या गावाच्या माळावर पाझर तलावाचं काम निघालं होतं. बाईंची आई तिथं खडी फोडायची आणि सुट्टीत घरी आलेल्या बाई कामावरच्या बायकांची लेकरं सांभाळायच्या. पाळणाघर म्हणजे बाभळीला बांधलेली लुगडी आणि लेकरांना वाटायच्या सुकडीच्या पिठाचं एक पोतं. कॉलेजात जाणारी पोर म्हणून मुकादमानं लेकरांची यादी करायचं काम त्यांच्याकडं दिलं. एकेचाळीस नावं. जन्मतारीख एकाही आईला सांगता येईना. मग बाईंनी स्वतःचं कॅलेंडर बनवलं. सुकडी वाटायला लागली तो हप्ता, परदेशातली लाल ज्वारी पहिल्यांदा आली तो बाजार, मुकादमाचं घोडं मेलं तो दिवस. ‘घोडं मेल्यावर किती दिवसांनी झाली हो ही?’ असं त्या विचारायच्या आणि बाया बोटांवर मोजून बरोबर सांगायच्या. (ते घोडं मेलं तेव्हा आकाशातून तीनशे गिधाडं उतरली होती. बरं, तीस.) शेवंता ही यादीतली शेवटची, घोड्यानंतर नवव्या दिवशीची.

दुष्काळ सरला, बाई शिकल्या, नांदेडला नोकरीला लागल्या. पण ती यादी त्यांनी टाकली नाही. उपाशी आईच्या पोटी आलेली ही लेकरं पुढं कशी वाढतात, काय विचार करतात, हे बघायचंच असं त्यांनी मनाशी धरलं. त्यांचे पीएचडीचे मार्गदर्शक म्हणाले, एका दिवशी लहानमोठी चाळीस पोरं गोळा करा, मोजा, मोकळ्या व्हा. बाईंनी ऐकलं नाही. मला म्हणाल्या, ‘त्यानं कोण किती उंच आहे तेवढंच कळतं, गुरुजी. कोण कसं वाढलं ते कळत नाही. तीच पोरं, दरवर्षी, त्याच पंधरवड्यात.’ म्हणून दर संक्रांतीनंतर आम्ही निघायचो. बाई पुढं, आणि मागं माझ्या सायकलला लटकलेला वजनाचा ताणकाटा, चित्रांचे पुठ्ठे आणि दोन भांडी. एक पसरट पितळी वाडगं, एक उंच निमुळता पेला.

त्या दोन भांड्यांचा प्रयोग परदेशी पुस्तकातला. वाडग्यातलं पाणी पोरासमोर पेल्यात ओतायचं आणि विचारायचं, आता पाणी जास्त झालं, कमी झालं, का तेवढंच आहे? लहान पोर म्हणतं जास्त, कारण पेल्यात ते उंच दिसतं. सहा-सात वर्षांचं झालं की म्हणतं तेवढंच. पुस्तकाच्या हिशेबानं ही अकलेची एक पायरी चढणं. आमच्याकडं पहिल्याच पोरानं प्रश्न पुरा व्हायच्या आत प्रयोग पिऊन टाकला. आणि सात वर्षांची शेवंता दोन्ही भांड्यांकडं बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘कमी.’

‘कमी’ हे उत्तर पुस्तकात फारसं कुणी देत नाही. मी चुकीची फुली मारायला पेन्सिल टेकवली, तर बाईंनी माझा हात धरला आणि शेवंताला विचारलं, ‘कामून गं?’

‘बुडाला राहिलं,’ शेवंता म्हणाली.

बाईंनी वाडगं तिरपं करून पाहिलं. खरंच की... बुडाला पाणी होतं. ज्या घरात घागरभर पाण्यासाठी आई दोन कोस चालते, त्या घरातली पोर बुडाचं पाणी विसरत नसते. त्या दिवशी बाईंनी सगळ्या कागदांवर उत्तराशेजारी पट्टीनं एक रेघ ओढली आणि नवा रकाना पाडला. वर ठळक लिहिलं, ‘कामून?’ मार्गदर्शकांनी तांबड्या शाईनं तो शब्द खोडून ‘कारण’ लिहिलं, तर बाईंनी पुढच्या वर्षी पुन्हा ‘कामून’ छापून घेतलं. म्हणाल्या, ‘पोरांना कारण विचारलं की ती गप होतात. कामून विचारलं की बोलतात. पायऱ्या सगळीकडं त्याच असतील हो गुरुजी, पण जिना कुणाच्या घरातला आहे तेही बघायला नको का?’

मग आमचा जिल्हा बदलला. उस्मानाबादचे होतो ते लातूरचे झालो, फटाके वाजले, पेढे वाटले. मी एकट्यानं अडीच किलो खाल्ले. त्या संक्रांतीला बाईंना कावीळ झाली. उन्हाळ्यात प्रबंध द्यायचा होता, म्हणून त्यांनी मला एकट्याला फेरीवर पाठवलं. चाळीस पोरं भेटली. शेवंता मात्र भेटेना. घराला कुलूपसुद्धा नव्हतं, दारच काढून नेलेलं. तहसीलमध्ये गेलो तर कारकून म्हणाला, ‘कागद लातूरला गेले.’ म्हटलं, ‘अहो, मला कागद नको, पोरगी पायजे.’ तर म्हणाला, ‘मग अर्ज द्या.’

आता कबुलीच देतो. मी घरी आलो, ओट्यावर बसलो आणि एकेचाळिसावा कागद मनानंच भरून टाकला. वजन अंदाजानं, उंची अंदाजानं. पाण्याचं उत्तर ‘तेवढंच’. आणि कामूनच्या रकान्यात माझी प्रतिभा अशी फुलली म्हणता... ‘गाव एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेलं तरी गाव तेवढंच राहतं, तसं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात गेलं तरी पाणी तेवढंच राहतं.’ एवढं सुंदर वाक्य मी पुन्हा आयुष्यात केलं नाही.

बाई अंथरुणात उशाला टेकून सगळे कागद वाचत होत्या. डोळे हळदीसारखे पिवळे. एकेचाळिसावा कागद त्यांनी दोनदा वाचला.

‘गुरुजी, ही पोरगी तुमच्यासारखी बोलते.’

‘हुशार झाली आता, बाई.’

‘शेवंता एका दमात दोन शब्दांच्या वर कधी बोलली नाही. कुठं भेटली?’

मी तोंड उघडलं. माझ्याजवळ चार कहाण्या तयार होत्या, एकीत तर रेल्वे होती. पण ते पिवळे डोळे बघून एकही बाहेर पडेना. ‘न्हाई भेटली,’ म्हणालो.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मार्गदर्शकांचं पत्र उशाशीच होतं... एक मूल गेलं तर गेलं, चाळीस पुरेत, आता उशीर केलात तर सही मिळणार नाही. बाई ते पत्र माझ्यापुढं धरून म्हणाल्या, ‘हे वगळा म्हणतात अन् तुम्ही बनवून देता. दोघांचं एकच झालं. जी पोरं सापडतात ती कोणाची? ज्यांची घरं टिकली त्यांची. दुष्काळानं ज्यांना मुळासकट उपटलं ती सापडत नाहीत. त्यांना सोडून लिहिलं तर माझा प्रबंध सांगेल की दुष्काळानं पोरांचं काही बिघडलं नाही. अन् तो कागद पुढं कुणीतरी खरा मानेल.’ मग पांघरूण बाजूला सारून पाय खाली टाकले. ‘सही नाही मिळाली तर नाही. भांडी घ्या.’

मी हातापाया पडलो, तेव्हा आठ दिवस थांबल्या. नवव्या दिवशी आम्ही उदगीरच्या मोंढ्यात होतो. शेवंताचा मामा तिथं हमाल आहे एवढंच माहीत होतं. बाई एकेका आडतीपुढं उभ्या राहून पोती वाहणाऱ्या माणसांना नाव विचारत गेल्या आणि दुपारी मामा सापडला. ‘देगलूरकडं गेले की भट्टीवर. कोणत्या भट्टीवर, ते काय की.’ देगलूरच्या एसटीत अशी गर्दी की माझा एक पाय आत होता आणि दुसरा पुढच्या स्टॉपला चढला. पुढं वीटभट्ट्या. पहिल्या भट्टीवर कोणी ओळखेना, दुसऱ्या भट्टीवरच्या मालकानं हाकललं. बाईंना चालताना घाम फुटत होता. मी म्हटलं, ‘परत जाऊ.’ त्या म्हणाल्या, ‘तिसरी राहिली.’

तिसऱ्या भट्टीवर कच्च्या विटांच्या रांगेत एक पोरगी उकिडवी बसून विटा उलटत होती. मराठीत निम्मं तेलुगू मिसळलेलं, केस मातीनं तांबडे. बाईंना बघून ती उठली नाही, फक्त माझ्या पिशवीकडं बघितलं. ‘भांडी आणली का?’ म्हणाली.

तिथंच, विटांच्या मातीवर बसून बाईंनी पाणी ओतलं आणि विचारलं. शेवंता जरा हसली. ‘तेवढंच म्हणायचं असतं न्हवं? शाळेत दुसऱ्या गुरुजींनी शिकवलं होतं. पण कमीच हाय.’ आणि कामूनच्या रकान्यात बाईंनी तेच लिहिलं जे तीन वर्षांपूर्वी लिहिलं होतं. वजनाचा ताणकाटा मी धरला होता. काटा जिथं थांबला, तिथं बाईंनी तीनदा बघितलं आणि मग आकडा लिहिला. माझ्या ओट्यावरच्या अंदाजापेक्षा तो फार फार खाली होता.

प्रबंध एक वर्ष उशिरा गेला. मार्गदर्शकांनी सही केली, पण आधी बाईंना चांगलंच ताटकळत ठेवलं. माझा खोटा कागद बाईंनी फाडला नाही. त्यावर तांबड्या शाईनं लिहिलं, ‘हा कागद बनावट. भरणारे: गुरुजी. काढू नये.’ आणि खऱ्या कागदाच्या शेजारी तो प्रबंधात शिवून टाकला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, हे गुरुजी कोण? मी मागच्या रांगेतून उभा राहिलो. सगळी खोली वळून बघत होती. त्या दिवसानंतर बाईंच्या कामात मी थाप मारली नाही. हॉटेलची गोष्ट वेगळी.

पदवी मिळाली तरी फेरी थांबली नाही. शेवंतासाठी बाई तिथल्या शाळेत चार वेळा गेल्या, दाखला नाही म्हणून चार वेळा परत आल्या, पाचव्यांदा नाव घालूनच उठल्या. आज शेवंता देगलूरजवळच्या गावात अंगणवाडी चालवते, नातवंडं आहेत तिला. यंदाच्या संक्रांतीनंतर बाईंना उठवत नव्हतं. पहिल्यांदाच फेरी चुकली.

बाईंच्या पुण्यानुमोदनाची बुद्धवंदना झाली, त्या दिवशी भाचीनं माझ्यापुढं पिशवी ठेवली. ‘काका, आत्या म्हणली होती, हे तुम्हालाच द्यायचं.’ आत दोन भांडी होती आणि एकेचाळीस कोरे कागद. त्यातल्या प्रत्येकावर कामूनचा रकाना हातानं आखलेला. शेवटच्या काही रेघा थरथरल्या होत्या.

मागच्या सोमवारी मी देगलूरची एसटी धरली. अंगणवाडीत पोरांचं खाणं उरकलं होतं. शेवंतानं पिशवी ओळखली आणि घागरीतून वाडगं भरून आणलं. मी पेल्यात ओतलं.

‘किती?’

‘कमी.’

‘कामून?’

‘बुडाला राहिलं.’

पेन कागदावर टेकला. खरं सांगतो, त्या रकान्यात लिहिण्यासारखं माझ्याजवळ एवढं काही दाटून आलं होतं... बाईंबद्दल, दुष्काळाबद्दल, तिसऱ्या भट्टीबद्दल. जागाही होती. मी दोन शब्द लिहिले आणि पेनला टोपण लावलं. चाळीस कागद अजून कोरे आहेत, पुढच्या आठवड्यात मोंढ्यापासून सुरू करतो.

शेवंतानं वाडगं उचललं आणि माझ्या तळहातावर उपडं धरलं. थेंब पडले. हॉटेलात मी चाळीस सांगितले असते. चार होते.