उजव्या कोपऱ्यातला ओलावा

मी पारशिवनीचा. घरात कॉलेजात जाणारा पहिलाच, तोही फौजेतून परतल्यावर. लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

एकाहत्तरच्या युद्धाच्या आदल्या हिवाळ्यात नागपुरात चार देशांच्या हॉकी संघांची छोटी स्पर्धा झाली. मैदानाची ड्यूटी आमच्या प्लाटूनकडे होती. पहाटे पाचला रोलर, सहाला पाणी, दहाला पाणी बंद, मग चुना. मौद्याचा लान्स नायक देवराव मेश्राम बटालियनचा राइट-आउट, म्हणजे उजव्या कडेनं चेंडू पुढे नेणारा खेळाडू होता. मी त्याचा राखीव. धावता चेंडू थांबवायला त्याला मीच शिकवलं होतं. भारताच्या संघाकडून बोलावणं मात्र त्याला आलं.

मॅचच्या दिवशी तो निळी जर्सी घालून आला.

"काहून तोंड पाडून राहिला गा? आज जमलं तर दौऱ्यावर नेतील. तुले नवी स्टिक आणतो."

"आधी खेळ तर."

दोन वाजता मी शेवटची पाहणी केली. उजव्या कोपऱ्यात पाइपचा जोड गळत राहिला होता. वरून गवत कोरडं दिसत होतं, पण टाच रुतली. भुसा टाकायला दहा मिनिटं लागली असती. तेवढा वेळ होता.

वायरलेसवर सुभेदारसाहेब आले. "ग्राउंड रेडी? ओव्हर."

मी टाचेचा चिखल गवतावर पुसला आणि बटण दाबलं. मग म्हणालो, "ग्राउंड ओके. ओव्हर."

दुसऱ्या हाफमध्ये देवराव त्याच कोपऱ्यातून चेंडू घेऊन निघाला. पाय घसरला, गुडघा मुरगळला. दौऱ्याच्या यादीत त्याचं नाव आलं नाही. महिनाभरात बरा होऊन तो प्लाटूनमध्ये परतला. यादीत त्याचं नाव नाही, याचं मला बरं वाटलं होतं. खरं तेच लिहितो आहे.

पुढच्या डिसेंबरात आम्ही सीमेवर होतो. देवरावच्या जागी निवडलेला खेळाडू तेव्हा सीमेपासून दूर, भारताच्या संघाच्या सराव शिबिरात होता. एका सकाळी साडेसहाला बंकरमध्ये चहा घेताना देवरावनं विचारलं, "तो कोपरा ओला होता. तुले मालूम होतं काय गा?"

"नाही."

"मले वाटलंच. मालूम असतं तर तू सांगतलं असतं."

सात वाजून दहा मिनिटांनी बंकरवर तोफगोळा पडला. देवराव तिथंच गेला. मी पाणी आणायला मागे गेलो होतो.

आता कॉलेजच्या मैदानावर मॅचआधी मी चारही कोपरे टाचेनं दाबून पाहतो. माझ्या वर्गातली पोरं हसतात. "काका, मॅच आजच खेळायची आहे ना?" मी उजवा कोपरा पुन्हा एकदा पाहतो.

लान्स नायक देवराव मेश्राम, राइट-आउट. त्याच्यानंतर बटालियनकडून त्या जागेवर मी तीन वर्षं खेळलो.